दुपारी बंद पडणारी गाडी आणि ‘ईसीएम गेलाय’ हा निकाल

नमस्कार मालक. तुमचा प्रश्न आधी माझ्या भाषेत सांगतो, म्हणजे मला तो बरोबर कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. गाडी २०१८ची, डिझेल, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. बार्शी-सोलापूर रोजची ये-जा. सकाळी येताना काहीच त्रास नाही. दुपारी तीनच्या सुमाराला परत निघालात की वैरागच्या अलीकडे-पलीकडे इंजिन एकदम बंद पडतं आणि मीटरवरच्या सगळ्या लाईट लागतात. सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही. पाच-दहा मिनिटं झाडाखाली थांबलात की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. आठवड्यातून दोनदा तरी हे होतंय. स्कॅनरवर बिघाडाचे सात कोड आले, त्यातले चार तुम्ही लिहिलेत : यू०१००, पी०६४१, पी०३३५ आणि पी०५६२. एका गॅरेजवाल्याने ‘ईसीएम (म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) गेलाय, चाळीस-पंचेचाळीस हजार धरा’ म्हटलं. दुसरा म्हणतो, ‘सॉफ्टवेअर अपडेट मारू, पाच हजारात काम होईल’. दोघांतला कोण बरोबर, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत विचाराल तर अजून कुणीच बरोबर नाही. गाडी बंद पडलेली असताना दोघांपैकी एकानेही ती पाहिलेली नाही. तुम्ही लिहिलेल्या मजकुरात कुठेही ‘मल्टीमीटर लावून बघितलं’ हे वाक्य नाही. स्कॅनर लावला, कोड वाचले, निकाल दिला. गेली बावीस वर्षं मी सोलापुरात गाड्यांच्या वायरिंगचं आणि आता मुख्यतः ईसीएमचंच काम करतो. ‘ईसीएम गेलाय’ म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांत ईसीएम खरोखर गेलेल्या फार थोड्या निघाल्या. बाकीच्यांत अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडचा, बॉडीला आवळलेला जोड) ढिला होता, रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) भाजला होता, नाहीतर उंदराने हात मारला होता.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट, कारण ती गाडीपेक्षा महत्त्वाची आहे. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकलाही एक-दोन दाबांपुरती मदत शिल्लक असते, नंतर पाय जोरात दाबावा लागतो. तेव्हा घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका, एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टीअरिंग लॉक होईल. हा दोष निघेपर्यंत घरच्यांना घेऊन रात्रीचा प्रवास टाळा.

आता सॉफ्टवेअरची शंका आधी बाजूला करू. माझ्या गॅरेजच्या शेजारी यंत्रमाग आहेत. चादरीवर नक्षी उठते ती जेकार्डच्या कार्डांमुळे. कार्डाला जिथे भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथे नाही. कार्ड चुकीचं टोचलं गेलं असेल तर प्रत्येक चादरीवर, प्रत्येक फुलात, त्याच जागी चूक दिसते. पण चूक कधी या फुलात, कधी त्या पानात, कधी तासभर अजिबात नाही, अशी दिसली की विणकर कार्डाकडे बघतसुद्धा नाही. तो हूक बघतो, दोरी बघतो, धागा बघतो. गाडीतही सॉफ्टवेअर म्हणजे ते कार्ड. ते झिजत नाही, तापत नाही, खड्ड्यात हलत नाही. दुपारी तीनला बिघडून तीन वाजून दहा मिनिटांनी आपोआप सुधारणं हे सॉफ्टवेअरचं लक्षण नाही. ऊन, हादरा, ओलावा यांच्याबरोबर येणारा-जाणारा दोष बहुतेक वेळा तांब्यात, पितळात नाहीतर कथलात असतो. वायर, पिन, रिलेचे पॉइंट, सोल्डरचा टाका. त्यामुळे पाच हजार खर्चून अपडेट मारायला मी तरी सांगणार नाही. कंपनीने नेमक्या याच लक्षणासाठी अपडेट काढलंय असं अधिकृत सर्व्हिस सेंटर लेखी दाखवत असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणजे ईसीएमच दोषी का? तेही नाही. आता कोडकडे येऊ.

कोड हा साक्षीदार असतो, आणि त्यालाही फक्त त्याच्या खिडकीतून दिसलेलं तेवढंच सांगता येतं. यू०१०० चा अर्थ आहे ‘इंजिनच्या ईसीएमशी बोलणं तुटलं’. हा कोड सहसा एबीएस, मीटर नाहीतर एअरबॅगच्या युनिटमध्ये नोंदला जातो. म्हणजे तक्रार शेजाऱ्यांची आहे, ‘अमुक वाजता त्या घरातून आवाज यायचा बंद झाला’. घरातला माणूस मेला, की घराची लाईट गेली, की मधली तार तुटली, ते शेजाऱ्याला कसं कळणार? पी०५६२ म्हणजे ईसीएमला मिळणारा व्होल्टेज कमी पडला. पी०६४१ म्हणजे ईसीएम सेन्सरना जो पाच व्होल्टचा पुरवठा देतो त्यात गडबड. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचा, इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल नीट नाही.

हे चार एकत्र वाचले की मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, ईसीएमला मिळणारी पॉवर किंवा अर्थ मध्येच बसते. बॅटरीचा व्होल्टेज ईसीएमपर्यंत पोचताना कोसळला तर आतला पाच व्होल्टचा पुरवठाही डळमळतो, त्याच्या जिवावर चालणारे सेन्सर खोटं बोलू लागतात, आणि अजून कमी झाला की ईसीएम झोपतो आणि शेजारी बोंब मारतात. एका कारणात चारही कोड बसले. दुसरी, पाच व्होल्टची वायर कुठेतरी बॉडीला किंवा दुसऱ्या वायरीला चिकटते. यात पी०६४१ आणि पी०३३५ सहज येतात, पण पी०५६२ ओढूनताणून बसवावा लागतो. म्हणून माझा कल पहिल्याकडे आहे. तरी हा कल आहे, निकाल नव्हे.

या कोडवर पूर्ण भरवसा का ठेवू नये तेही सांगतो. इग्निशन चालू ठेवून कुणी सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारं प्लग-सॉकेट) काढला तरी लगेच कोड नोंदला जातो. दोन गॅरेज फिरून आलेल्या गाडीत निम्मे कोड मेस्त्रींनी केलेले असतात. तेव्हा सातही कोडांचा आणि त्यांच्यासोबतच्या फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिनचे फेरे किती, वेग किती, पाण्याचं तापमान किती, याची ईसीएमने ठेवलेली नोंद. ती सगळ्या कोडांची मिळेलच असं नाही. फोटो काढल्यावर कोड पुसा आणि गाडी पुन्हा बंद पडेपर्यंत काहीही काढू-घालू नका. त्यानंतर जे परत येतील तेच खरे.

तुम्हाला स्वतःला करता येण्यासारखं एक काम आहे. स्कॅनिंगच्या सॉकेटमध्ये बसणारं ब्लूटूथचं छोटं डोंगल मिळतं. त्याने एबीएस किंवा एअरबॅग नीट वाचता येत नाही, कंपनीचे खास कोडही दिसत नाहीत, त्यामुळे निदान त्याच्यावर करायचं नाही. पण बहुतेक ॲपमध्ये ‘कंट्रोल मोड्यूल व्होल्टेज’ नावाची एक ओळ असते. ईसीएमला त्या क्षणी स्वतःच्या पिनांवर किती व्होल्ट दिसतोय ते ती सांगते. इंजिन चालू ठेवा, हेडलाईट, एसी, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावा. एकाने मल्टीमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरायचा, दुसऱ्याने मोबाईलवरचा आकडा बघायचा. बॅटरीवर १४.१ आणि ईसीएमला १३.९ दिसत असेल तर ठीक. बॅटरीवर १४.१ आणि ईसीएमला १३.२ असेल तर मधे कुणीतरी व्होल्ट खातोय. हा प्रयोग सकाळी एकदा आणि दुपारी गाडी उन्हात दोन तास उभी राहिल्यावर एकदा करा. फरक दुपारी वाढला तर तुमचं निम्मं निदान फुकटात झालं. काम झालं की डोंगल काढून ठेवा. ते कायम लावून ठेवल्यामुळे बॅटरी उतरल्याच्या आणि मीटरवर भलत्याच लाईट लागल्याच्या गाड्या माझ्याकडे आल्यात.

गाडी बंद पडली की तेव्हाही थोडं बघा. फेऱ्यांचा काटा गाडी अजून घरंगळत असताना एकदम शून्यावर पडला की हळूहळू? सेल्फ मारताना तो काटा थोडा तरी हलतो का? अजिबात हलत नसेल तर इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळतच नाहीये. मग क्रँक सेन्सर मेला असेल किंवा ईसीएम स्वतःच बेशुद्ध असेल. त्याच वेळी मोबाईलवरचं ॲप ईसीएमशी जोडलं जातं का? जोडलं गेलं तर ईसीएम जिवंत आहे, सेन्सरकडे बघायचं. नाहीच जोडलं गेलं तर पॉवर, अर्थ किंवा कॅनची लाईन, म्हणजे गाडीतली युनिटं एकमेकांशी बोलतात त्या वायरी. चेक लाईट लागली म्हणजे ईसीएम जिवंत, हा जुना हिशोब आता धरू नका. नव्या गाड्यांत ईसीएम गप्प झाला की मीटर स्वतःच ती लाईट लावतो.

हे तुमचं झालं. आता गॅरेजमध्ये काय व्हायला हवं ते सांगतो.

माझा पहिला प्रश्न असतो, गाडीत बाहेरून काय काय बसवलंय. मोठ्या स्क्रीनचा टेप, जीपीएस ट्रॅकर, रिमोट लॉक, जास्तीचा हॉर्न, फॉगलाईट. बसवणारा पोरगा इग्निशनची वायर शोधतो आणि ती सोलून, पिळून, वरून टेप गुंडाळतो. सोलापूरच्या मे महिन्यात त्या टेपेचा डिंक पातळ होऊन टेप सुटते. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर काही आलं असेल तर ते सगळं आधी काढून टाका आणि आठवडाभर गाडी चालवून बघा. कितीदा तरी गोष्ट इथेच संपते.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) हुशार असतो, मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे हा आकडा हलता दिसेल. टर्मिनल हाताने फिरलं तर ते ढिलंच आहे, कितीही पांढरं पुसलेलं असो.

त्यानंतर ईसीएमचा मेन रिले. तुमच्या वर्णनावरून मी याच्यावर सगळ्यात जास्त संशय घेईन. रिलेचे पॉइंट वर्षानुवर्षं ठिणग्या पडून खरबरीत होतात, किंवा आतला टाका चिरतो. थंड असताना काम चालतं, फ्यूज बॉक्स तापला की अडथळा वाढतो, अडथळ्यामुळे तो आणखी तापतो आणि शेवटी सोडतो. पाच-दहा मिनिटांत निवला की परत धरतो. बघायला सोपं आहे. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा नाहीतर पंख्याचा रिले त्याच नंबरचा असतो. वरचा नंबर आणि पिनांची मांडणी जुळत असेल तर अदलाबदल करून चार दिवस चालवा. काही गाड्यांत मात्र हा रिले फ्यूज बॉक्सच्या प्लेटवरच टाकलेला असतो, तिथे हा उपाय नाही, बॉक्स उघडावा लागतो. रिले उपसल्यावर खालच्या खाचेतलं प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालंय का बघा. तसं असेल तर नवा रिले घालून उपयोग नाही, पिनेची पकडच गेलेली असते.

आता खरी तपासणी. हिलाच लोक टाळतात, म्हणून हिच्यावर थोडं थांबतो. ‘ईसीएमला बारा व्होल्ट येतोय, बघितलं’ असं मेस्त्री सांगतो आणि ते खरंही असतं. पण लोड नसताना येणाऱ्या बारा व्होल्टला काही अर्थ नाही. नळ बंद असताना पाइपात दाब दिसतोच, अर्धा पाइप गाळाने भरलेला असला तरी. तोटी पूर्ण उघडली की कळतं. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मल्टीमीटर बारा दाखवतो, कारण मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तिथेच २१ वॅटचा बल्ब लावला की तो मिणमिणतो. म्हणून पॉवरच्या आणि अर्थच्या पिनांवर, ईसीएमचा कपलर काढून, बल्ब लावून बघायचं. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. हा बल्ब सेन्सरच्या वायरींना किंवा ईसीएमच्या आउटपुटला कधीही लावायचा नाही. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो आणि ईसीएम नसेल गेला तर या उद्योगाने जाईल.

दुसरी पद्धत व्होल्टेज ड्रॉपची, ती मला जास्त आवडते कारण कपलर काढावा लागत नाही. मल्टीमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल वायर ईसीएमच्या अर्थ पिनेवर, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक सुई घालून. पुढून जाड प्रोब खुपसला की पिनेचं तोंड पसरतं आणि उद्या नवा दोष तयार. आता सेल्फ मारा, लाईट लावा, पंखा चालू करा. आकडा ०.१ च्या खाली राहिला तर उत्तम, ०.२ च्या वर गेला तर अर्थ शोधायला लागा. हीच गोष्ट पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ईसीएमच्या पॉवर पिनेपर्यंत. एका गाडीत मला सेल्फ मारताना अर्थवर १.३ व्होल्ट मिळाला होता. पुढचा अपघात झालेली गाडी, रंगकाम सुरेख केलेलं, आणि अर्थचा बोल्ट त्या ताज्या रंगावरच आवळलेला. दोन गॅरेजांनी त्या गाडीचा ईसीएम बदलायला सांगितलं होतं. कानशीने चार वेळा घासलं आणि काम झालं.

इथवर काही सापडलं नाही तर पाच व्होल्ट. एखाद्या सेन्सरचा कपलर काढून त्या पिनेवर मोजायचं, ४.९ ते ५.१ मिळाला पाहिजे. कमी असेल तर मीटर तिथेच ठेवून बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जायचं. ज्याला काढल्यावर पाच परत येतो, तो चोर. सगळे काढूनही आला नाही तर चोर वायरीत आहे किंवा ईसीएमच्या आत.

मोहोळकडच्या एका शेतकऱ्याची गाडी अशीच आली होती. एसी लावला की दहा मिनिटांत बंद. त्यांनी माझ्याकडे येण्याआधीच ईसीएम बदलला होता, पैसे भरले होते आणि दोष जसाच्या तसा होता. मीटर लावला तेव्हा पाच व्होल्टच्या जागी कधी पाच, कधी अर्धा. सेन्सर काढत काढत एसीच्या गॅसप्रेशरच्या सेन्सरवर आलो आणि तो काढताच पाच स्थिर. या सेन्सरचा इंजिनशी काय संबंध असं वाटेल, पण बऱ्याच गाड्यांत तो त्याच पाच व्होल्टवर जगतो. सेन्सर मात्र चांगला होता. त्याच्याकडे जाणारी वायर उंदराने सोलली होती, तांबं तुटलं नव्हतं, फक्त उघडं पडलं होतं. एसीचा कॉम्प्रेसर धरला की इंजिन जरा झुकायचं आणि ती वायर पाइपाला टेकायची. गाडी कुठे लावता विचारलं तर म्हणाले, कडब्याच्या गंजीला लागून. आपल्याकडे ज्वारीची काढणी झाली की उंदरांना रान मोकळं होतं आणि मग ते गरम बॉनेटखाली येतात. तुमचीही गाडी शेतावर किंवा गोदामाजवळ उभी राहत असेल तर हेडलाईटच्या मागे आणि बॅटरीच्या ट्रेखाली टॉर्च मारून बघा. लेंड्या दिसल्या की समजायचं.

कॅनच्या लाईनबद्दल थोडक्यात. इंजिनचा ईसीएम, एबीएस, मीटर अशी गाडीतली सगळी युनिटं दोन पिळलेल्या वायरींवर एकमेकांशी बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली आणि आज जवळपास प्रत्येक गाडीत आहे. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी सोडवून स्कॅनिंगच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत मात्र सॉकेट आणि बाकीच्या लाईनीमध्ये गेटवे (मधला निरोप्या युनिट) असतो, तिथे सॉकेटवर ६० आले म्हणून पलीकडचं सगळं ठीक असं धरता येत नाही.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर : बाहेरून बसवलेलं काढा, बॅटरी आणि टर्मिनल बघा, रिले बदलून बघा, पॉवर आणि अर्थ लोडवर मोजा, मग पाच व्होल्ट, मग कॅन. हा क्रम मी खर्चाच्या हिशोबाने लावलाय, फुकटाचं आधी. तुमच्या गाडीत एखाद्या टप्प्यावर ठोस पुरावा मिळाला तर पुढचं करत बसायची गरज नाही.

मग ईसीएम कधीच जात नाही का? जातो. जाण्यामागे बहुतेक वेळा एखादी गोष्ट घडलेली असते आणि मालकाला ती आठवत असते, फक्त कुणी विचारत नाही. बॅटरी उलटी जोडली गेली. बॅटरी न सोडवता बॉडीला वेल्डिंग मारलं. सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरने पाणी मारलं आणि ते कपलरमध्ये शिरलं. पुणे रोडला ढाब्यावर बॅटरी उतरलेल्या एका गाडीला एका भल्या ट्रकवाल्याने जंप दिला होता. ट्रक २४ व्होल्टचा, कार १२ची. गाडी चालू झाली, म्हणून सगळे खूश. दुसऱ्या दिवसापासून ईसीएम गप्प. तो मी उघडला तेव्हा आतला पुरवठ्याचा भाग काळा पडला होता. तसंच, उन्हाने-थंडीने वर्षानुवर्षं फुगून-आकसून ईसीएमच्या आतला टाका चिरल्याच्या केसही मी पाहिल्यात, आणि त्यांचं लक्षण अगदी तुमच्यासारखंच असतं. म्हणून तुमचा पहिला मेस्त्री चुकलाच, असं मी म्हणत नाही. पण सिद्ध करायची रीत एकच आहे. गाडी बंद पडलेल्या अवस्थेत ईसीएमच्या सगळ्या पॉवर पिनांवर लोडसकट पूर्ण व्होल्ट, अर्थ स्वच्छ, सेन्सर आणि कॅनच्या वायरी निर्दोष, आणि तरीही आतून पाच व्होल्ट येत नाही किंवा स्कॅनरशी तो बोलत नाही. हे चारही बसले तरच ईसीएमला हात लावायचा.

सॉफ्टवेअरलाही मी पूर्ण माफी देत नाही. इंजेक्टर बदलले आणि त्यांच्या डोक्यावरचा कोड ईसीएममध्ये भरला नाही तर गाडी धूर मारेल, मिस मारेल. थ्रॉटल साफ केल्यावर त्याचं शिकवणं राहिलं तर आयडल वर-खाली होईल. कुणी पिकअपसाठी रीमॅप करून, म्हणजे ईसीएमचं सॉफ्टवेअर बदलून, आणला असेल तर मी त्या गाडीच्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही, आधी मूळ फाइल परत टाकायला लावतो. पी०६०१ किंवा पी०६०५ असा कोड असेल तर ईसीएमच्या स्वतःच्या मेमरीची तक्रार आहे, तिथे फ्लॅशिंगचा, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने भरण्याचा, विचार करणं रास्त. तुमच्या यादीत यातलं काही दिसत नाही. उरलेले तीन कोड तेवढे कळवा.

आणि कधी फ्लॅशिंग करायची वेळ आलीच तर बॅटरीला स्थिर पुरवठा देणारं यंत्र लावलंय का ते उभं राहून बघा. साधा चार्जर चालत नाही. हे मी शहाणपणा म्हणून नाही, दंड भरून सांगतोय. सुरुवातीच्या काळात एका गाडीचं फ्लॅशिंग मी नुसत्या गाडीच्या बॅटरीवर सुरू केलं. मे महिना, आणि मला तेव्हा माहीत नव्हतं की ईसीएम प्रोग्रॅमिंगमध्ये गेला की बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा फुल स्पीडने फिरायला लागतो. पंख्याने बॅटरी खाल्ली, काम साठ-सत्तर टक्के झालेलं असताना व्होल्ट पडला आणि ईसीएम अर्धा जुना, अर्धा नवा असा लटकला. पुण्याला पाठवून टेबलावर उघडून जिवंत करून आणला, खर्च माझ्या खिशातून.

जुन्या बाजारातला ईसीएम स्वस्तात बसवू असं कुणी सुचवलं तर एवढंच. नुसता आकार आणि कपलर जुळून भागत नाही, हार्डवेअरचा आणि सॉफ्टवेअरचा दोन्ही नंबर जुळावे लागतात. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) तुमच्या चावीला ओळखणार नाही, म्हणजे जुन्यातला डेटा नव्यात उतरवावा लागेल. तो उतरवणारा माणूस आधी गाठा, ईसीएम नंतर घ्या, आणि चालला नाही तर परत घेण्याचं बोलून घ्या. तुमचा जुना ईसीएम कुणालाही देऊन टाकू नका.

त्या पहिल्या गॅरेजवाल्याकडे परत जायला हरकत नाही. भांडू नका, फक्त तीन आकडे मागा : लोडवर ईसीएमला पॉवर किती आली, अर्थला ड्रॉप किती होता, पाच व्होल्टच्या जागी किती मिळाले. आकडे सांगितले तर माणूस कामाचा आहे, त्याच्याकडेच करा. ‘आमचा अनुभव आहे’ एवढंच उत्तर आलं तर तूर्त चाळीस हजार खिशात ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र वायरीला कुणालाही हात लावू देऊ नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.

माझ्याकडे आणायची असेल तर सकाळी दहाला आणू नका. सकाळी ती शहाण्यासारखी चालेल आणि मीही तुम्हाला अंदाजच सांगेन. दुपारी दोननंतर, दोन तास उन्हात उभी करून, कोड न पुसता, बॅटरी न सोडवता आणा. शक्य झालं तर बंद पडलेल्या अवस्थेतच, टो करून.